तीन अक्षरे, दोन अर्थ : थायरॉईडच्या गाठीतील एन्झाइम आणि कॅन्सरची खूण

मागच्या महिन्यात विहाराच्या हॉलमध्ये आमचे आरोग्य शिबिर होते. वजन, रक्तदाब, साखर तपासून गर्दी ओसरली, तरी एक ताई कोपऱ्यात बसूनच होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"जय भीम ताई. एवढं वाचून सांगा. लॅबमधला पोरगा म्हणाला, टीपीओ खूप वाढलाय. शेजारच्या बाईंनी मोबाईलवर बघून सांगितलं, टीपीओ ही ट्युमरची खूण असते. चार रात्री झोप नाही मला."

कागदावर लिहिले होते, अँटी-टीपीओ. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि त्यात थायरॉईडमध्ये एक लहान गाठ दिसत होती. आम्ही त्यांना सांगितले, ताई, हा रक्ताचा रिपोर्ट कॅन्सरचा नाही. पण शेजारच्या बाईंनी मोबाईलवर जे वाचले तेही हवेतून आलेले नव्हते. टीपीओ नावाच्या एन्झाइमचा आणि थायरॉईडच्या कॅन्सरचा संबंध शास्त्रज्ञांनी खरोखर तपासला आहे. मात्र ती खूण रक्तात नव्हे, गाठीच्या पेशीत शोधतात. आणि तिथे काळजी टीपीओ वाढल्याची नसते, कमी झाल्याची असते.

तीन अक्षरे सारखी, अर्थ मात्र उलटे. या गोंधळात आपल्या कितीतरी बहिणी अडकतात. कोणी विनाकारण घाबरते, कोणी नको ती तपासणी करून पैसे घालवते, तर कोणी खरी गाठ अंगावर काढते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. थोडा अवघड आहे, पण पायरी पायरीने गेलो तर समजेल.

ग्रंथी आणि गाठ

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेवर बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. वजन साधारण २० ग्रॅम. जेवणातून, मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून आलेले आयोडीन वापरून ही ग्रंथी टी-थ्री आणि टी-फोर ही संप्रेरके तयार करते. शरीराची गती, उष्णता, पाळी, मनाची उभारी या सगळ्यावर त्यांचा अंमल असतो.

या ग्रंथीत गाठ होणे ही फार सामान्य गोष्ट आहे. हाताला लागेल अशी गाठ १०० प्रौढांमागे साधारण ५ जणांना असते. सोनोग्राफी केली तर त्याहून कितीतरी जास्त लोकांत लहान गाठी दिसतात. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त आणि वयाबरोबर वाढणारे. पण अशा १०० गाठींपैकी कॅन्सरच्या साधारण ५ ते १५ असतात. बाकीच्या साध्या. कोणती साधी आणि कोणती नाही, हे बाहेरून बघून किंवा दाबून ठरत नाही. दुखत नाही म्हणून साधी, हा समज तर पूर्ण चुकीचा आहे. थायरॉईडच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

सुईची तपासणी कुठे थांबते

गाठ आढळली की डॉक्टर आधी टीएसएच ही रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी सांगतात. गाठ भरीव आहे की पाणीदार, तिच्या कडा कशा आहेत, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, हे सोनोग्राफीत दिसते. संशय असेल तर बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी काढतात. तीच एफएनएसी. भूल लागत नाही, टाके नाहीत, काही मिनिटांचे काम.

त्या पेशी काचपट्टीवर पसरून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पाहतात आणि बेथेस्डा पद्धतीने १ ते ६ यांपैकी एका गटात बसवतात. पहिल्या गटाचा अर्थ एवढाच, की पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. दुसरा गट साधा. सहावा म्हणजे कॅन्सर. पाचवा म्हणजे दाट संशय. या चार गटांत पुढे काय करायचे याचा रस्ता बहुधा स्पष्ट असतो.

अडचण तिसऱ्या आणि चौथ्या गटाची. इथे पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे सांगतात की नुसत्या पेशी बघून ठरवता येत नाही. कारण असे. थायरॉईडच्या फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. फरक असतो गाठीच्या आवरणात. पेशी आवरण फोडून बाहेर किंवा रक्तवाहिनीत शिरल्या असतील तर कॅन्सर, आत राहिल्या असतील तर साधी गाठ. सुईत येतात सुट्या पेशी. आवरण काही येत नाही. घराची भिंत फुटली आहे का, हे आतून आणलेल्या मूठभर मातीवरून कसे कळणार?

म्हणून आजवर अशा अनेक जणींना सांगितले जात आले, की अर्धी ग्रंथी काढून पूर्ण तपासू, मगच कळेल. २०२३ साली बेथेस्डा पद्धतीची तिसरी आवृत्ती आली. तिच्यातील सरासरी आकड्यांप्रमाणे तिसऱ्या गटातील १०० जणांपैकी साधारण २२, आणि चौथ्या गटातील १०० पैकी साधारण ३० जणांची गाठ कॅन्सरची निघते. उरलेल्या ७८ आणि ७० जणांची गाठ साधी निघते. मात्र शस्त्रक्रिया झाली तर ती झालेलीच असते. गळ्यावर वण, आवाजाच्या नसेला इजा होण्याची थोडी भीती, बुडालेली मजुरी, आणि काही जणींना कायमची गोळी.

प्रश्न इथून सुरू झाला. पेशी दिसायला सारख्या असतील, पण त्यांच्या आत चाललेले काम सारखे आहे का? ते काम बघून साधी आणि वाईट गाठ ओळखता येईल का?

पेशी आपले काम विसरते तेव्हा

शाळेच्या पुस्तकात आपण विकर हा शब्द वाचला आहे. विकर म्हणजेच एन्झाइम. शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारी ही प्रथिने आहेत. तोंडातल्या लाळेत एक असते. भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते ती त्याच्यामुळे. प्रत्येक अवयवाच्या पेशी आपापल्या कामाला लागणारी एन्झाइम तयार करतात.

थायरॉईडच्या पेशीचे खास एन्झाइम म्हणजे थायरॉईड पेरॉक्सिडेज, थोडक्यात टीपीओ. ग्रंथीत आलेले आयोडीन थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडायचे आणि त्यातून संप्रेरक घडवायचे, हे त्याचे काम. टीपीओ नसेल तर संप्रेरक बनत नाही. निरोगी थायरॉईड पेशीत ते भरपूर असते.

कॅन्सरची पेशी मात्र हळूहळू आपला मूळ व्यवसाय सोडते. तिचे सगळे बळ वाढण्यात आणि पसरण्यात जाते. त्यामुळे थायरॉईडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये टीपीओ कमी होते किंवा बदलते. संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट पकडली.

फ्रान्समधील मार्सेय शहरात द मिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सुईने काढलेल्या पेशींवर यासाठी एक तपासणी बसवली. टीपीओला चिकटणारे, प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड त्यांनी वापरले. त्याचे नाव एमओएबी ४७. ज्या पेशीत टीपीओ आहे तिला हे प्रतिपिंड चिकटते आणि पुढच्या प्रक्रियेत ती पेशी रंग धरते. मग मोजायचे, किती पेशी रंगल्या. १०० पैकी ८० किंवा जास्त रंगल्या तर गाठ साधी असण्याकडे कल. ८० पेक्षा कमी रंगल्या तर संशय.

कल्पना सोपी आणि चांगली होती. या तपासणीने बहुतेक कॅन्सर पकडले. पण काही साध्या गाठींतही पेशी कमी रंगल्या आणि त्या उगाच संशयात आल्या. दुसरीकडे, काही फॉलिक्युलर कॅन्सर इतके सुधारलेल्या रूपाचे असतात की त्यांच्यात टीपीओ टिकून राहते, आणि ते निसटू शकतात. शिवाय सुईत पेशी भरपूर यायला हव्यात, रंग सगळ्या प्रयोगशाळांत सारखा यायला हवा आणि मोजणाऱ्याची नजर तयार हवी. त्यामुळे ही तपासणी उपयोगी मदतनीस ठरली, पण रोजच्या उपचारात सगळीकडे रुळली नाही.

आणखी तीन एन्झाइम

टीपीओ कमी होणे ही खूण असेल, तर जपानमधील संशोधकांनी त्याच सुमारास उलटी खूण शोधली. डीपीपी-फोर हे एन्झाइम निरोगी थायरॉईड पेशीत जवळजवळ आढळत नाही, पण थायरॉईडच्या अनेक कॅन्सरमध्ये, विशेषतः पॅपिलरी प्रकारात, ते दिसते. इथे रंग धरणारी पेशी संशयाची. तरी काही साध्या गाठींनीही रंग धरला आणि सीमारेषा पुन्हा पुसट झाली. मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिनसारखी गोळी घेणाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. ती गोळी याच एन्झाइमला अडवते. पण तिचे काम साखरेचे आहे; तिचा या गाठीच्या तपासणीशी किंवा उपचाराशी काही संबंध लावू नये, आणि कोणी भीतीने गोळी बंदही करू नये.

दुसरे टेलोमेरेज. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना एक संरक्षक भाग असतो, तो पेशीच्या प्रत्येक विभाजनाबरोबर थोडा झिजतो. टेलोमेरेज तो भरून काढते. प्रौढ माणसाच्या बहुतेक पेशींत ते निजलेले असते. कॅन्सरच्या पेशी ते जागे करतात, म्हणून त्या थांबत नाहीत. टेलोमेरेज आणि गुणसूत्रांच्या टोकांवरील कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ साली नोबेल मिळाले. थायरॉईडच्या गाठीतही ते तपासले गेले. पण अडचण अशी, की थायरॉईडला सूज असेल तर तिथे जमलेल्या पांढऱ्या रक्तपेशींमध्येही टेलोमेरेज असते. मग खूण गाठीची की सुजेची? २०१३ पासून मात्र या एन्झाइमचे जनुक चालू करणाऱ्या भागातला एक ठरावीक बिघाड थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये सापडू लागला. तो असेल तर रोग जास्त जोरकस असू शकतो, हे आता मानले जाते.

तिसरे बीआरएएफ. पेशीला वाढीचा निरोप पुढे देणारे हे एन्झाइम. त्याच्या जनुकात व्ही-६००-ई नावाचा बदल झाला की निरोप सतत चालू राहतो. सुईच्या पेशीत हा बदल सापडला तर पॅपिलरी कॅन्सर जवळजवळ नक्की. पण पॅपिलरी कॅन्सर असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांतच तो असतो. म्हणजे सापडला तर मोठी बातमी. नाही सापडला म्हणून सुटका नाही.

आज पुढारलेल्या देशांत अशा अनेक जनुकांचे एकत्र संच तपासतात. त्यांची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. आपल्याकडे मोठ्या प्रयोगशाळांत बीआरएएफची तपासणी होते. विज्ञान थांबलेले नाही. पण या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पक्की कळते. एकटी कोणतीही खूण निकाल देत नाही. ती फक्त संशयाचे पारडे थोडे इकडे किंवा तिकडे झुकवते.

शंभर जणींचा हिशोब

ही गोष्ट आपण साध्या गणिताने समजून घेऊ. हे आकडे फक्त हिशोबासाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका तपासणीचे नाहीत.

समजा चौथ्या गटातल्या १०० बायका आहेत. त्यांत ३० जणींना कॅन्सर आहे, ७० जणींना नाही. आपण एक खूण तपासली. तिने ३० पैकी २९ कॅन्सर पकडले, एक निसटला. ७० साध्या गाठींपैकी २० वर तिने उगाच संशय घेतला. म्हणजे ४९ जणींना संशय सांगितला आणि ५१ जणींना दिलासा. पूर्वी १०० जणींची शस्त्रक्रिया झाली असती, आता ५० जणींची चुकीची शस्त्रक्रिया टळली. मोठा फायदा. पण दिलासा मिळालेल्या ५१ जणींत एक अशी आहे जिला रोग आहे. म्हणून दिलाशाचा रिपोर्ट आला तरी ठरलेल्या वेळी पुन्हा सोनोग्राफी करावीच लागते.

आता हीच खूण घेऊन आपण शिबिरात बसलो आणि ज्यांना गाठ आहे अशा कोणत्याही १०० जणींना तपासले, तर? त्यांत कॅन्सर साधारण १० जणींना धरू. खूण त्या १० जणींना पकडेल. पण उरलेल्या ९० साध्या गाठींपैकी सुमारे २६ वर उगाच बोट ठेवेल. ३६ जणी घाबरून घरी जातील, त्यांतल्या २६ विनाकारण. तपासणी तीच, माणसे बदलली, आणि तिचा अर्थ बदलला.

म्हणून कोणतीही कॅन्सरची खूण ही कोणाला तपासायची, हे आधी ठरवावे लागते. हे न पाळल्याचे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तिथे १९९९ नंतर कॅन्सरच्या सरकारी तपासणी मोहिमेबरोबर थोडे जास्त पैसे घेऊन निरोगी लोकांच्या गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचे निदान १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जागचे हलले नाही. याचा अर्थ, जे छोटे कॅन्सर आयुष्यभर त्रास देणार नव्हते तेही शोधून काढले गेले आणि बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. डॉक्टरांनीच २०१४ मध्ये यावर आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया कमी झाल्या.

मग रक्तातला टीपीओ काय सांगतो?

आता शिबिरातल्या ताईंच्या कागदाकडे येऊ. अँटी-टीपीओ म्हणजे टीपीओ नव्हे. टीपीओच्या विरोधात शरीराने तयार केलेले प्रतिपिंड म्हणजे अँटी-टीपीओ. शरीराचे रक्षक स्वतःच्याच थायरॉईडवर चालून जातात, तेव्हा ते रक्तात वाढतात. हाशिमोटोचा आजार हे त्याचे सर्वांत नेहमीचे उदाहरण. जुन्या रिपोर्टवर याच तपासणीला अँटी-मायक्रोसोमल म्हणत. ज्याला मायक्रोसोमल म्हणत होते ते टीपीओच आहे, हे १९८५ साली स्पष्ट झाले.

ही तपासणी थायरॉईड हळूहळू थकण्याची शक्यता सांगते. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे ती सांगत नाही. अँटी-टीपीओ वाढलेले असेल आणि टीएसएच बरोबर असेल, तर बहुधा गोळी लागत नाही. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, साधारण वर्षातून एकदा, टीएसएच बघत राहायचे. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर हा रिपोर्ट डॉक्टरांना नक्की दाखवा, कारण त्या काळात थायरॉईडवर ताण वाढतो. अँटी-टीपीओचा आकडा दर महिन्याला मोजण्याची गरज नाही.

तसेच 'ट्युमर मार्कर पॅकेज' नावाने ज्या रक्ततपासण्या विकल्या जातात, त्यांतून गळ्यातील गाठीचा निकाल लागत नाही. थायरोग्लोब्युलिन ही तपासणी कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढल्यानंतर रोग परत आला का हे बघायला उपयोगी पडते. शस्त्रक्रियेआधी ती साध्या गाठीतही वाढलेली असते. कॅल्सिटोनिन ही मेड्युलरी नावाच्या एका कमी आढळणाऱ्या कॅन्सरची खूण आहे. घरात कोणाला तो झाला असेल तर डॉक्टर ती सांगतात.

ताईंचे टीएसएच बरोबर होते. सोनोग्राफीतली गाठ लहान आणि पाणीदार होती. आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात पाठवले. डॉक्टरांनी सुई टोचायचीही गरज नाही म्हणून सांगितले आणि ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी करायला बोलावले.

न वाचलेला रिपोर्ट

इथे आम्हाला आमची एक चूक सांगायची आहे. आमच्यातल्या काही जणी बरीच वर्षे वॉर्डात काम करत होतो. थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेल्या बायका तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जायच्या. काढलेल्या ग्रंथीचा अंतिम रिपोर्ट यायला त्यानंतर काही दिवस लागायचे. टाके बघायला आली की कागद हातात द्यायचा, गोळी समजावायची, पुढचा नंबर. रिपोर्ट इंग्रजीत. त्यात काय लिहिले आहे, हे बसून सांगायला आम्हाला वेळ नव्हता, आणि खरे तर ते आमचे काम आहे असेही आम्हाला तेव्हा वाटत नव्हते.

वस्तीत काम सुरू केल्यावर एक मावशी भेटल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या ग्रंथीचा अर्धा भाग काढला होता. सुईच्या तपासणीत नक्की कळले नव्हते. घरात सगळे धरून चालले होते की आईला कॅन्सर होता. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट दोनदा आडवी आली. मावशी स्वतः ताट-वाटी वेगळी ठेवायच्या. हा रोग ताटा-वाटीतून कोणाला लागत नाही, एवढेही कोणी सांगितले नव्हते. आम्ही फाईल मागितली. पत्र्याच्या पेटीतून ती निघाली. अंतिम रिपोर्टमध्ये शेवटची ओळ स्पष्ट होती : साधी गाठ, कॅन्सरचा पुरावा नाही. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे हे तेव्हापासून पेटीतच होतं?"

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. शिबिरात कोणाचीही जुनी फाईल आली तर ती वाचूनच परत द्यायची, आणि वाचताना शेवटची ओळ मराठीत मोठ्याने सांगायची.

कॅन्सर निघालाच तर

थायरॉईडच्या कॅन्सरमध्ये बहुतेक रुग्णांना पॅपिलरी प्रकार असतो आणि तो वेळेवर उपचार केल्यास बहुधा बरा होतो. शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार. काहींना नंतर किरणोत्सारी आयोडीन देतात. कॅन्सरच्या पेशींनी आयोडीन ओढण्याची मूळ सवय थोडी जरी राखली असेल, तरी ते औषध नेमके त्यांच्यापर्यंत पोचते. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करत आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा.

हातात कागद आल्यावर

गळ्यात गाठ असलेल्या प्रत्येक बहिणीने आणि भावानेही डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत. विचारण्यात कमीपणा नाही.

१. माझे टीएसएच किती आहे? सोनोग्राफीत गाठ भरीव आहे की पाणीदार, आणि किती मोठी?

२. सुईची तपासणी गरजेची आहे का? झाली असेल तर बेथेस्डाचा कोणता गट आला?

३. गट तिसरा किंवा चौथा असेल तर : पुन्हा सुई टोचून बघता येईल का? पेशींवर आणखी एखादी तपासणी करून शस्त्रक्रिया टळू शकते का? तिचा खर्च किती, आणि तिचा निकाल काहीही आला तरी शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती तपासणी कशासाठी?

४. शस्त्रक्रिया अर्धी की पूर्ण? पूर्ण असेल तर थायरॉईडची गोळी कायमची लागेल. आवाज आणि कॅल्शियम यांचा काय धोका?

५. अंतिम रिपोर्ट कधी मिळेल आणि मला कोण समजावून सांगेल?

काचपट्ट्या आणि मेणातला ब्लॉक रुग्णालयात जपलेले असतात. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर ते मागून घेता येतात, पुन्हा सुई टोचून घ्यावीच लागते असे नाही.

आणि या तक्रारी असतील तर शिबिराची वाट बघू नका, लगेच रुग्णालयात जा : गाठ भराभर वाढणे, आवाज बसून तीन आठवड्यांत न सुटणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, गळ्याच्या बाजूला दुसरी टणक गाठ, लहानपणी मानेला किरणोपचार झालेले असणे, किंवा घरात थायरॉईडचा कॅन्सर झालेला असणे.

चिकित्सा या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक उपचार, दुसरा तपासून, प्रश्न विचारून बघणे. पहिली डॉक्टर करतील. दुसरी आपल्याला करायची आहे. तुमच्या घरात, कपाटात, पेटीत कोणाची जुनी फाईल पडून असेल तर ती या महिन्याच्या शिबिरात घेऊन या. आम्ही वाचून सांगू.